पॉझिटिव्ह येण्याची किंमत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साथीचे आकडे चढायला लागले की लोकांनी सावध व्हायला हवं. त्याऐवजी ते आकड्यांवरच संशय का घेतात, चाचणी का टाळतात आणि निर्बंध लागले की चिडून रस्त्यावर का येतात? २०२०-२१मध्ये तुम्ही शिकत होतात, आता एका तालुक्याचं आरोग्य तुमच्याकडे आहे, आणि पुढची साथ येण्याआधी तुम्हाला हे समजून घ्यायचंय. मी तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आरोग्य अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. जे पाहिलं ते सांगतो, आणि आमच्या हातून जे चुकलं तेही सांगतो, कारण तुम्हाला त्याचाच जास्त उपयोग होईल.

जानेवारी २०२१मध्ये आमच्याकडे कोविड संपल्यातच जमा होता. १५ जानेवारीला ग्रामपंचायतींचं मतदान झालं, मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला गेला. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी देशात लसीकरण सुरू झालं. लग्नांच्या पंगती उठायला लागल्या होत्या. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या केंद्रांवर तापाचे रुग्ण एकदम वाढले. घरातलं एक माणूस आलं की तीन दिवसांत अख्खं घर यायचं. २०२०मध्ये असं होत नव्हतं. तेव्हा नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह अशी घरं पुष्कळ होती. पुढे डेल्टा म्हणून जगभर ओळखला गेलेला प्रकार त्या वेळी विदर्भात पसरत होता. आम्हाला तेव्हा एवढंच दिसत होतं की या वेळचं काहीतरी वेगळं आहे. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती शहर आणि अचलपुरात आठवडाभराची टाळेबंदी लागली, नंतर ती वाढली.

तेव्हा राज्याच्या बऱ्याच भागांत व्यवहार सुरळीत चालू होते, त्यामुळे आमच्या लोकांच्या मनात पहिला प्रश्न आला तो ‘आमच्याच जिल्ह्यात कसा काय?’ हा. उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एका पॉझिटिव्हमागे दवाखान्याला दीड लाख मिळतात, ही अफवा २०२०पासून गावोगाव फिरत होतीच. आता तिला विम्याच्या पैशाची जोड मिळाली: विमा उकळण्यासाठी खोटे अहवाल काढतात म्हणे. किडन्या काढून घेतात, हे तर मी एका शिक्षकाच्या तोंडून ऐकलं. मी तेव्हा चिडायचो. शिकलेली माणसं असं कसं बोलतात, असं वाटायचं. माझं मत बदललं ते एका ओट्यावर बसल्यावर.

हरभऱ्याची सोंगणी चालू होती. आमच्या एका आशाताईंचा फोन आला, सर, अमुक घरात ताप आहे, बाई खोकतेय, पण दार उघडत नाही. मी गेलो. बाई मजूर, वय चाळिशीच्या आसपास, नवरा नाही, दोन मुलं. दाराआडूनच बोलली. मी ओट्यावर बसलो, पाणी मागितलं, आणि बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘साहेब, मी पॉझिटिव्ह निंगाली त पंधरा दिवस मले कामाले कोन बोलावन? दुकानदार उधारी बंद करन. मागच्या साली त्या घराले पत्रे ठोकले होते, पोट्ट्यायले कोनी जवळ येऊ दे ना. तुमाले आकडा भेटते, आमाले काय भेटते?’

मी त्या दिवसापर्यंत शेकडो लोकांना समजावलं होतं की चाचणी तुमच्या भल्यासाठी आहे. त्या बाईनं हिशोब मांडून दाखवला की नाही. सोंगणीची मजुरी दिवसाला दोनशे-अडीचशे, हंगाम तीन आठवड्यांचा, त्यावर पुढचे दोन महिने निघायचे. चाचणी केली आणि निगेटिव्ह आली तर हातात काही नाही. पॉझिटिव्ह आली तर हंगाम गेला, पत गेली, आणि शेजारी मुलांना हाकलणार. तापात अंगावर काढणं हा तिच्या बाजूनं पाहिलं तर शहाणपणाचाच निर्णय होता. अफवा अशा घरात पटकन रुजते, कारण तिला आधीच एक कारण हवं असतं. ‘आकडे खोटे आहेत’ असं म्हणता आलं की चाचणी न करण्याचा अपराधीपणा वाटत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: लोकांचा राग आकड्यावर नसतो. आकड्याबरोबर त्यांच्या दारात जे येतं, त्यावर असतो. पॉझिटिव्ह येण्याची किंमत कोण भरतं, हे ठरल्याशिवाय जनजागृतीचे फलक लावून फारसं काही होत नाही.

त्या बाईचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी सरपंचांना बोलावलं, ते तिच्याच वाडीतले होते. किराणा दुकानदाराला सरपंचांनी सांगितलं की उधारी चालू ठेव, मी बघतो. ज्यांच्या शेतात ती जात होती त्या शेतकऱ्यानं कबूल केलं की बरी झाल्यावर तिला तुरीच्या कामाला घेईन. पत्रे, बांबू, फलक काहीही लागणार नाही, हा शब्द मी दिला. मग ती चाचणीला आली. ऑक्सिजन ९१पर्यंत उतरला होता. ग्रामीण रुग्णालयात पाठवली, नऊ दिवसांनी घरी आली. ती परतल्यावर त्या आठवड्यात तिच्या गल्लीतून चार जण स्वतःहून स्वॅब द्यायला आले. त्याआधी महिनाभरात त्या गल्लीतून एकही आलं नव्हतं.

आता आमची चूक. जुलै २०२०मध्ये आमच्या कार्यालयातून पॉझिटिव्ह रुग्णांची नावानिशी यादी बाहेर गेली आणि तासाभरात गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचली. ती कोणी पाठवली हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती माझ्या कार्यालयातली होती आणि जबाबदारी माझी होती. त्या यादीत एका सलूनवाल्याचं नाव होतं. तो बरा झाला, पण त्याच्या खुर्चीत दिवाळीपर्यंत कोणी बसलं नाही. २०२१मध्ये तोच माणूस चौकात उभा राहून सांगायचा की चाचणी करू नका, हे लोक तुम्हाला बदनाम करतात. त्याला अफवा पसरवणारा म्हणून नोटीस द्यावी असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. मी दिली नाही. तो जे सांगत होता ते त्याच्याबाबतीत अक्षरशः खरं होतं.

हे नवं नाही. ज्या कायद्याच्या आधारानं मार्च २०२०मध्ये राज्यात निर्बंध लागले, तो साथरोग कायदा १८९७चा आहे आणि मुंबई-पुण्याच्या प्लेगमधूनच जन्मला आहे. ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, कारण तिथं नेलेलं माणूस परत येत नाही असं लोकांना वाटत होतं. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या काळात सैनिक घरात घुसून झडत्या घ्यायचे, आजाऱ्याला उचलून न्यायचे, सामान बाहेर काढून जाळायचे. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो भाग सगळ्यांना माहीत आहे. आरोग्याच्या माणसानं त्याआधीचे तीन महिने वाचावेत. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला, आणि रुग्णाची सेवा करतानाच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ला सावित्रीबाई गेल्या. साथ तीच, शहरही तेच, पण त्यांच्या दवाखान्यात माणूस विश्वासानं येत होता.

आकड्यांबद्दलचा संशय सगळाच स्वार्थी किंवा अडाणी नसतो, हेही लक्षात ठेवा. आकडे मांडण्याची आमची पद्धतच गोंधळाची होती. तीन गोष्टी लोकांना कधीच नीट सांगितल्या गेल्या नाहीत.

पहिली, ‘चाचण्या वाढवल्या म्हणून रुग्ण वाढले’ हा आक्षेप. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्याला हसण्यावारी नेऊ नये. मी गावात फळ्यावर लिहून दाखवायचो. समजा मागच्या आठवड्यात १०० जणांची चाचणी केली, ८ निघाले. या आठवड्यात ४०० जणांची केली. रोग तेवढाच असता तर ३२ निघायला हवे होते. निघाले ६०. म्हणजे शंभरामागे ८ होते ते १५ झाले. एवढं गणित सातवीच्या पोरालाही कळतं. पण आम्ही रोज फक्त ‘आज ६० नवे रुग्ण’ एवढंच जाहीर करायचो, आणि मग लोकांनी विचारलं की चिडायचो.

दुसरी, सोमवार-मंगळवारचा आकडा. रविवारी चाचण्या कमी व्हायच्या, त्यामुळे पुढचे एकदोन दिवस आकडा खाली यायचा. वर्तमानपत्रात ‘दिलासा’ छापून यायचं, बुधवारी पुन्हा ‘उद्रेक’. महिनाभर हे पाहिल्यावर कोणाचाही विश्वास उडेल. सात दिवसांची सरासरी सांगितली असती तर ही उडी दिसलीच नसती.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे उशीर. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला पाचसहा दिवस. माणूस आणखी दोनतीन दिवस काढा पिऊन बघतो. मग स्वॅब, मग अहवाल. एप्रिल २०२१मध्ये आमच्याकडे अहवालालाच तीनचार दिवस लागत होते. म्हणजे आज जाहीर झालेला आकडा हा जवळपास दहा दिवसांपूर्वीच्या लागणीचा असतो. मृत्यूंचा आकडा त्याहून मागे. त्यामुळे आज दुकानं बंद केली तर पुढचे दहाबारा दिवस आकडा वाढतच राहणार, हे आधी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. १४ एप्रिलला कडक निर्बंध लागले आणि १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले, त्या लाटेतला सगळ्यात मोठा आकडा. आमच्या बाजारपेठेतला माणूस म्हणाला, बंद करून वाढलेच ना? त्याला दोष कसा देणार? मेच्या मध्यावर तो आकडा चाळीस हजारांच्या खाली आला, पण तोवर त्याचं मत बनलेलं होतं. ही घट फक्त निर्बंधांनी झाली असंही मी म्हणणार नाही. लाट पुष्कळशी स्वतःही ओसरते, आणि त्या तीन आठवड्यांत लोक इतके घाबरले होते की आदेश नसता तरी निम्मे घरातच बसले असते. पण दवाखान्यांना श्वास घ्यायला तेवढी उसंत मिळाली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मृत्यूंच्या नोंदीचंही तसंच. १६ जून २०२०ला राज्यानं जुने राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी आकड्यात मिळवले. नोंदी जुळवून घेणं हे प्रामाणिक काम होतं. पण ऐकणाऱ्याला वाटलं की इतके दिवस लपवलं होतं. असं काही करायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून करावं.

आता निर्बंधांबद्दल. माझा अनुभव असा की लोक कडक निर्बंध सोसतात, फसवणूक सोसत नाहीत. एप्रिल २०२१चंच बघा. ४ तारखेच्या रविवारी लोकांनी टीव्हीवर ऐकलं ते शनिवार-रविवारच्या टाळेबंदीबद्दल. आदेश हातात आला तेव्हा त्यात अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत बंद. मंगळवारी सकाळी शटर उघडायला आलेल्या दुकानदाराला पोलिसांनी परत पाठवलं. गुढीपाडवा आठवड्यावर, १३ तारखेला. लग्नसराईसाठी कापड, भांडी, सोनं सगळ्यांनी माल भरून ठेवलेला, तोही उधारीवर. राज्यभर व्यापारी रस्त्यावर आले. आमच्याकडे कापड दुकानदारांचं शिष्टमंडळ तहसीलदारांकडे आलं तेव्हा मी तिथं बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, आठ दिवस आधी सांगितलं असतं तर मी माल उचललाच नसता. त्यांची मागणी बंद उठवण्याची नव्हतीच. त्यांना आधी सांगितलं जायला हवं होतं, एवढंच.

त्याआधी ११ मार्चला एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली तेव्हाही हेच झालं. पुण्यात नवी पेठेत हजारो मुलं रस्त्यावर बसली. ती परीक्षा आधीही अनेकदा पुढे गेली होती. खोलीभाडं, मेसचे पैसे, निघून चाललेलं वय, सगळं त्या तारखेवर टांगलेलं होतं. सभा चालतात, लग्नं चालतात, मग आमचीच परीक्षा कशी काय धोक्याची, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारनं २१ मार्च ही नवी तारीख दिली आणि परीक्षा झाली. संसर्गाच्या दृष्टीनं त्या एका आठवड्यानं काय साधलं, याचं समाधानकारक उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. याच महिन्याच्या शेवटी औरंगाबादमध्ये जाहीर झालेली टाळेबंदी विरोधामुळे ऐनवेळी मागे घेतली गेली आणि लोकांनी रस्त्यावर जल्लोष केला. गर्दीचा तो जल्लोष पाहून मला फार वाईट वाटलं. पण लागू करायची की नाही हे आधी ठरवून मगच जाहीर केलं असतं, तर ती वेळ आली नसती.

मदतीचंही तसंच आहे. १३ एप्रिलला निर्बंधांबरोबरच ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये आणि शिवभोजन थाळी मोफत. निर्बंध आणि मदत एकाच भाषणात आली, हे २०२०च्या मानानं मोठं पाऊल होतं, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. मार्च २०२०मध्ये रात्री आठला घोषणा आणि बाराला देश बंद. त्यानंतर चालत निघालेल्या मजुरांचं काय झालं हे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळच्या रुळांवर ८ मे रोजी सगळ्यांनी पाहिलं. मालगाडीखाली १६ जण गेले. पण २०२१च्या मदतीतला ‘नोंदणीकृत’ हा शब्द आमच्या तालुक्याला भोवला. आठवडी बाजारात बसणारी बाई, पाणीपुरीची गाडी, बँडवाले, मंडप घालणारी पोरं, यांची नोंद कुठे असते? निर्बंध मात्र सगळ्यांनाच लागू होते.

२५ मे २०२१च्या सुमारास ज्या जिल्ह्यांत रुग्णांचं प्रमाण जास्त होतं तिथं गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय झाला. वैद्यकीयदृष्ट्या त्यामागचं कारण मला पटत होतं: एका खोलीच्या घरात पाच जण, वेगळं राहणार कसं? पण आमच्या केंद्रांवर चाचणीला येणाऱ्यांची संख्या त्याच आठवड्यात घसरली. पॉझिटिव्ह येण्याची किंमत आम्ही पुन्हा वाढवून ठेवली होती. मग आम्ही शाळेतल्या विलगीकरण कक्षात दोन गोष्टी केल्या. घरचा डबा आत जाईल याची सोय, आणि गोठ्यातल्या जनावरांचं कोण बघणार हे दाखल करतानाच विचारून शेजाऱ्यावर सोपवणं. दुसरी गोष्ट ऐकून वरचे एक अधिकारी म्हणाले की हे आपलं काम आहे का. आमच्याकडे बाई कक्षात यायला नकार देते ती म्हशीसाठी देते. म्हशीची सोय झाली की ती स्वतःचं गाठोडं घेऊन येते.

धारावीत २०२०मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. तिथल्या गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, कारण लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता. विलगीकरणात जेवण नीट दिलं. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचं नाव घेतलं. तुमच्या तालुक्यातही लोक पहिल्यांदा जातात ते गावातल्या डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात, नाहीतर देवऋषाकडे. या सगळ्यांशी ओळख आत्ता करा. साथ आल्यावर गेलात तर तुम्ही नोटीस घेऊन आलात असंच त्यांना वाटेल.

एक गोष्ट मात्र तडजोड न करता सांगतो. लोकांच्या रागाचं कारण समजून घ्या, पण आशाताईंवर हात उचलणाऱ्याला सोडू नका. आमच्या एका आशाताईंना सर्वेक्षणाला गेल्यावर ढकलून दिलं, अंगावर कुत्रं सोडलं. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गल्लीत गेल्या. त्यांना मिळणारा मोबदला काय होता हे तुम्हाला माहीत आहे. जून २०२१मध्ये त्यांना त्यासाठी राज्यभर संप करावा लागला. त्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः जा. गावाला हे दिसलं पाहिजे की ही बाई एकटी नाही.

आणि शेवटी एक अगदी साधी गोष्ट, जी फेब्रुवारीनंतर आम्ही सुरू केली. सर्वेक्षणाच्या वहीत ताप, खोकला, ऑक्सिजन असे रकाने होते. त्यांच्या शेजारी आशाताईंनी पट्टीनं एक रेघ मारून नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘घरात रोजचा पैसा कोण आणतं?’ कोणत्या घरातून नकार येणार हे त्यावरून आदल्या दिवशीच कळायचं, आणि तिथं स्वॅबच्या कांडीआधी सरपंचांना घेऊन जायचं हे ठरून जायचं. मी निवृत्त झालो तेव्हा त्या वह्या कार्यालयातच ठेवल्या. तुमच्याकडेही २०२१च्या वह्या असतील. नवा रकाना नसला तरी मार्च-एप्रिलची पानं काढून नकार कोणत्या घरांतून आले ते बघा, आणि त्या घरांत आत्ता, साथ नसताना, एकदा चहाला जाऊन या.